समासातले काळे अंगठे
काल जुन्या ट्रंकेतून एक कादंबरी निघाली आणि पानांना अजून कोळशाचा वास आला. लग्नानंतर आम्ही खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आलो, तेव्हा आमचं काहीच जमत नव्हतं. मी दिवसभर बडबडणारी, नवरा घुम्या; मला वाचनाचं वेड, त्यांना पुस्तकाची चीड. वाचनालयातून मी ही कादंबरी आणली होती. तिच्यातही न पटणाऱ्या दोघांना एकाच घरात राहावं लागतं. एका दुपारी पान उलटलं, तर समासात काळा अंगठा! पुढच्या पानावरही, त्याच्याही पुढच्यावर. मी होते नव्वदाव्या पानावर आणि अंगठे पार दीडशेपर्यंत पोचलेले! म्हणजे मी नळावर पाण्याला गेले की हे ड्युटीवरून येऊन, कोळशाचे हातही न धुता, चोरून वाचत होते! संध्याकाळी पुस्तक समोर धरलं, तर हे ओशाळले, मग एकदम म्हणाले, "तो तिले थांबवते का नाही, समजूनच नाही राहिलं! मोठ्यानं वाच ना वं!" चुलीवरचा भात करपला, तरी मी थांबले नाही. परत करताना ठसे खोडायला बसले, पण हात होईना. वाचनालयात पुस्तक हरवलं म्हणून सांगितलं. काल ते यांच्या हातात दिलं. त्यांनी आपला अंगठा ठशावर ठेवून पाहिला आणि म्हणाले, "शेवट आठवून नाही राहिला. वाच ना वं."