आमच्या मंडळाची विझणारी पेटी

मागच्या वर्षी मी केळापूरच्या देवीला नवस बोलले होते. "आई, आमची नवी पेटी एक अख्खा गुरुवार न विझता वाजली की खणानारळाने तुझी ओटी भरीन. तोवर चहात साखर घालणार नाही." बोलताना वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. चांगले पाच महिने फिका चहा प्याले!

किस्से कसे साचत जातात ते कळतच नाही बघा. बाभुळगावच्या राममंदिरात गुरुवारी दुपारी आमचं महिला भजनी मंडळ बसतं. भजन आटोपून सतरंजी झटकायला घेतली की कोणाला तरी काहीतरी आठवतं. एकीचं हसू दुसरीला लागतं आणि सतरंजी अर्धी झटकलेली तशीच हातात राहते. त्या सतरंजीवर जमलेले हे काही किस्से. सगळे एकाच पेटीचे.

आधी कमलकाकूंबद्दल सांगते. काकू आमच्या मंडळाच्या पेटीवाल्या. माझं लग्न होऊन मी या गावात आले त्याच्याही आधीपासून त्या वाजवतात. दोन वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरला आणि डावा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात काही पूर्वीसारखा हलेना. आणि पेटीचा भाता तर डाव्या हातानेच मारावा लागतो! काकू घरी बसल्या. आम्ही पेटीशिवाय म्हणायचो खरं, पण भजनाला मीठच नव्हतं.

मग वणीकडच्या एका लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून आम्ही जुना कीबोर्ड आणला. तीच आमची नवी पेटी. भाता नाही, काही नाही. एका उजव्या हाताचं काम. काकूंनी पहिल्यांदा त्यावर बोटं ठेवली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आमचेही आले. दहा मिनिटं झाली आणि पेटी अभंगाच्या मधेच गप्प! दिवा विझावा तशी.

काकूंनी हात मांडीवर घेतला. म्हणाल्या, "हे पाहा, यंदा नवरात्रात यवतमाळच्या मंडपात आपला कार्यक्रम आहे. चारचौघात ही अशी बंद पडली तर मी पुन्हा पेटीले हात नाई लावणार. देवाची मर्जी समजीन."

काकू एकदा बोलल्या की बोलल्या. म्हणून माझा नवस!

०

पहिला शोध लावला तो आम्ही सगळ्यांनी मिळून, आणि तो सपशेल चुकला!

आमची ढोलकीवाली मंदा. तिची सोयाबीन-तुरीची शेती आहे आणि आवाज असा, की शेताच्या या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा माणूस दचकतो. आमच्या लक्षात आलं की मंदाने वरचा सूर लावला की पेटी विझते. हळू म्हटलं की चालते. एकदा नाही, चार-चारदा पाहिलं.

"मंदे, तुह्या आवाजाले भिते वं ते!" काकू म्हणाल्या.

मंदा बिचारी रडकुंडीला आली. "लग्नातल्या डीजेले नाई भ्याली, अन् मले भिते?"

मग काय, दोन गुरुवार आम्ही घरात तान्हं बाळ झोपल्यासारखं भजन केलं. मी टाळ रुमालात गुंडाळून वाजवले. पुजारीबुवा गाभाऱ्यातून बाहेर येऊन विचारून गेले, "कोणाचं काही कमीजास्त झालं का?"

शेवटी पेटी यवतमाळला रफिकभाईंकडे नेली. रफिकभाई टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतात. तीस वर्षं झाली त्यांच्या दुकानाला. त्यांनी पेटीकडे पाहिलंच नाही, नुसता अडॅप्टर हातात घेतला. "काकू, हा तर कोणत्या तरी सेट-टॉप बॉक्सचा आहे. ऑर्केस्ट्रावाल्याने दिला, तुम्ही घेतला! आवाज वाढवला की मशीनले करंट जास्त लागते. हा देणार कुठून?"

"पण मंदा गायली की..."

"त्या जोरात गातात, म्हणून तुम्ही पेटीचा आवाज वाढवता ना?"

काकूंनी मान हलवली.

"मग? शेळीच्या खुराकावर म्हैस पाळून राह्यले तुम्ही!"

नवा अडॅप्टर घेऊन परत येताना एसटीत मंदा खिडकीशी बसून बाभुळगाव येईपर्यंत गात होती. कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं, तिला ऐकूच गेलं नाही!

०

महिनाभर पेटी गुणी लेकरासारखी वागली. मग पुन्हा सुरू! आता हळू म्हणा, जोरात म्हणा, मनात येईल तेव्हा बंद. वर चालू करायचं बटण दाबलं की आतच रुतून बसायचं.

पुन्हा रफिकभाई. या वेळी त्यांनी पेटी उलटी करून स्क्रू काढले, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि हळूच झटकलं. आतून काय काय निघालं म्हणता? कुंकू. हळद. अक्षता. झेंडूच्या दोन पाकळ्या. आणि खडीसाखरेचा एक खडा, त्यामागे मुंग्यांची रांग!

रफिकभाईंनी चष्मा वर केला. "काकू, ये मशीन है के देव्हारा?"

झालं होतं असं, की वाद्य म्हणजे सरस्वती. तिची पूजा केल्याशिवाय आम्ही भजनाला बसत नाही. आणि कुंकू लावायचं ते नेमकं चालू करायच्या बटणावर, कारण देवी तिथूनच जागी होते ना! दर गुरुवारी पाच जणींची पाच बोटं. कुंकू ओलं, बटणाच्या फटीतून आत.

"आणि खडीसाखर कोणाची?" काकूंनी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "नैवेद्याशिवाय पूजा कशी होईल?"

मंदा म्हणाली, "वहिनी, चहातली साखर पेटीत टाकून राह्यल्या काय तुम्ही?"

रफिकभाईंनी सगळं ब्रशने साफ करून दिलं आणि हात जोडले. "पूजा जरूर करा. पण प्रसाद बाहेर वाटा. आत खाणारं कोणी नाही."

तेव्हापासून पेटीला खणाची ओढणी शिवली आहे. कुंकू ओढणीला!

०

आता शोभाताईंचा किस्सा. त्या समोर असल्या तरी मी सांगतेच.

शोभाताई आमच्या पोथीवाल्या. भजनाच्या मधे त्या एक अध्याय वाचतात आणि त्याचा अर्थही सांगतात. अर्थ अध्यायापेक्षा मोठा असतो. तर अडॅप्टर नवा, बटण साफ, सगळं ठीक, आणि तरी पोथी संपून काकूंनी पट्टीवर बोट ठेवलं की आवाज नाही. पेटी बंद! दर गुरुवारी, नेमकी पोथीनंतर.

मंदाच्या तोंडून निघून गेलं, "आपल्याले झोप येते, मग तिले काहून नाई येणार?"

शोभाताईंना ते लागलं. पुढच्या गुरुवारी त्या पोथी न घेता आल्या. हातात मनगटी घड्याळ. म्हणाल्या, "आज मी वाचणार नाही. कोणी वाचणार नाही. पेटी चालू करा आणि सगळ्या गप्प बसा. मलाही पाहू द्या, ती कशाने झोपते."

आमच्या मंडळाला गप्प बसायला सांगणं म्हणजे उपासाला साबुदाणा दाखवून खाऊ नको म्हणण्यासारखं! पण बसलो. पेटीचा लाल दिवा आणि शोभाताईंचं घड्याळ, एवढंच बघत. मंदाला शिंक आली ती तिने पदरात दाबली.

बरोबर अर्धा तास झाला आणि लाल दिवा विझला.

शोभाताई उठून उभ्या राहिल्या. "पाहिलं? पोथी नाही, अर्थ नाही, तरी झोपली! माझ्यामुळे नाही. अर्धा तास तिला कोणी हात लावला नाही की ती आपणहून झोपते!"

आणि खरंच, नेमकं तेच होतं! फोनवर रफिकभाई म्हणाले, "वा ताई! कंपनीच तसं करून ठेवते, लाइट वाचायला. ते बंद करता येतं." पाच महिन्यांत पेटीचा खरा दोष शोधला तो पोथीवाल्या बाईने, आणि तोही न बोलता!

०

ते बंद करायची युक्ती अगदी सोपी होती. पेटी बंद असताना सगळ्यात डावीकडची पट्टी दाबून धरायची आणि तशीच चालू करायची.

काकूंचा डावा हात तिथवर पोचेना, म्हणून पट्टी दाबायचं काम मंदाकडे आलं. तिने दाबली, काकूंनी चालू केली, आम्ही अर्धा तास थांबलो. बंद! पुन्हा दाबली, पुन्हा अर्धा तास. पुन्हा बंद!

मी देवीचं नाव घेतलं आणि सहज पाहिलं. मंदा काकूंच्या समोर बसून पट्टी दाबत होती. स्वतःच्या डाव्या हाताची!

"अवं मंदे, इकडे ये, माह्या बाजूले बस," काकू म्हणाल्या. "पेटीचा डावा हात वेगळा, तुहा वेगळा."

त्या गुरुवारी पेटी दोन तास चालली. पोथी झाली, अर्थ झाला, अर्थाचाही अर्थ झाला, तरी लाल दिवा तसाच! शोभाताईंनी पोथी मिटली आणि पहिल्यांदा पेटीकडे प्रेमाने पाहिलं.

घरी आल्यावर ह्यांनी न सांगता चहा टाकला. चार चमचे साखर घातलेला! एक घोटही जाईना इतका गोड. पूर्ण संपवला. पुढच्याच मंगळवारी केळापूरला जाऊन ओटी भरून आले.

०

मधे राजूरचं एक भजनी मंडळ आमच्याकडे आलं होतं. त्यांच्या प्रमुख बाई हसत म्हणाल्या, "तुमची पेटी मौनव्रत करते म्हणे?"

दोन्ही मंडळांचं भजन व्हायचं होतं. पाहुण्यांच्या पेटीचा भाता दुसऱ्याच गजराला फाटला आणि सूर निघायच्या ऐवजी नुसता फुसफुसाट!

काकूंनी आपली पेटी हळूच त्यांच्यापुढे सरकवली. "घ्या. व्रताचं उद्यापन झालं तिच्या!"

०

आणि मग नवरात्र. यवतमाळचा मंडप, दिवेलागणीची वेळ, समोर खुर्च्या गच्च. पहिल्या रांगेत कमलकाकूंचे यजमान, आमचे काका, इस्त्रीचा सदरा घालून बसलेले.

काकूंचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाल्या, "सुनंदा, आज बंद पडली तर मले घरी नेऊन सोडजो. कोणी समजूत घालायची नाई."

पहिली दोन भजनं सुरेख झाली. तिसरं देवीचं. काकूंची बोटं अशी फिरत होती, की खांदा मोडला होता हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं. मंदाने वरचा सूर लावला, आणि लाइट गेली!

मंडप काळाकुट्ट. माइक बंद. पंखे बंद. देवीपुढचा नंदादीप तेवढा. मी डोळे घट्ट मिटले. झालं, संपलं.

पण पेटी वाजतच होती!

एक सूर चुकला नाही. मंदाला तर माइक नसल्याचं कळलंच नाही. तिचा आवाज मंडपाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला आणि त्याच्यामागे मागच्या बायका म्हणायला लागल्या, मग पुरुष. अंधारात अख्खा मंडप गात होता, आणि तो एवढासा लाल दिवा काकूंच्या बोटांशी!

भजन संपलं. लाइट अजून आली नव्हती. मी काकूंच्या कानाशी लागले, "काकू, हे कसं काय?"

"सेल टाकले ना आत. सहा."

"कुठून आणले?"

काकू पेटीवर हात ठेवून सहज, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन भिंतीवरच्या घड्याळांतले. चार यांच्या बीपीच्या मशीनमधले."

पहिल्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका उभे राहिले होते.

"कमल! तू काढले होय? सकाळपासून दंडाले पट्टा बांधून बटण दाबून राह्यलो मी. आकडाच येत नाई! मले वाटलं, मीच बंद पडलो!"

सगळा मंडप हसत होता. काकूंनी पुढच्या भजनाचा सूर धरला आणि मान वर न करता म्हणाल्या, "खाली बसा अन् टाळ्या वाजवा. चालू आहे का बंद, ते आपोआप समजते."

काका बसले आणि टाळ्या वाजवायला लागले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळेच!

बघता काय नुसते? तुम्हीही वाजवा ना!