टोकाच्या घरातली ओल

दाराची बेल वाजली की मी आधी मुलीला उचलून कडेवर घ्यायची आणि मगच दार उघडायची. एडिनबरातल्या त्या कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरात राहिलो तोवर माझी ही सवय काही गेली नाही. पोस्टमन असो, शेजारीण असो, मीटर बघणारा असो, पोर आधी माझ्या कमरेवर हवी. नवरा हसायचा. म्हणायचा, "अगं, पोस्टमन काय करणार आहे तिला?" मला पोस्टमनची भीती नव्हतीच. भीती होती सरकारी ऑफिसातून येणाऱ्या माणसांची, आणि बेलच्या आवाजावरून कोण आलंय ते कळत नाही.

ही भीती मला एका मावशींनी दिली. सख्ख्या नव्हेत, माझ्या आईच्या मैत्रिणीची बहीण. लग्न झाल्यापासून इंग्लंडात वॉटफर्डला राहणाऱ्या, त्यामुळे या देशाबद्दल त्या बोलतील तो कायदा. नव्वद सालानंतरची गोष्ट. मुलगी वर्षाचीही नव्हती तेव्हा त्या स्कॉटलंड बघायला म्हणून आमच्याकडे आल्या, आणि किल्ला बघायच्या आधी त्यांनी आमच्या बेडरूमची भिंत बघितली. कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत काळे ठिपके पडले होते. मावशींनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, मी तुला घाबरवत नाहीये. पण बाळ बघायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटरनं ही वॉल बघितली ना, की ती स्ट्रेट रिपोर्ट करते. मग सोशल वर्कवाले येतात. आमच्या रोडवरच्या एका फॅमिलीची दोन मुलं नेली त्यांनी, फॉस्टरला दिली परक्या घरी. ब्लीच आण आणि रोज पूस. कुणी यायचं असलं की घर कसं पाहिजे, एकदम स्पॉटलेस."

'घाबरवत नाहीये' असं सांगून सुरुवात करणारी माणसं घाबरवल्याशिवाय उठत नाहीत. मावशी किल्ला बघून, लोकरीचे स्कार्फ घेऊन परत गेल्या. त्या कुटुंबाची मुलं नेमकी कशासाठी नेली, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मला फक्त 'नेली' एवढंच ऐकू आलं होतं.

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, इमारतीच्या टोकाला. म्हणजे दोन भिंती उघड्या वाऱ्यावर आणि डोक्यावर छप्पर. समुद्र दिसत नव्हता, पण त्याचं वारं मात्र थेट आमच्या बेडरूमवर यायचं. हीटर होता, तो रात्रीच्या स्वस्त विजेवर तापून दिवसभर ऊब सोडणारा. सकाळी आम्ही बाहेर पडायच्या वेळी तो छान गरम असायचा आणि संध्याकाळी पोर कुडकुडायला लागली की गार दगड. खालच्या मजल्यावरची आजीबाई मला जिन्यात भेटली की म्हणायची, ही घरं काय उबदार आहेत नाही? तिच्या वर आम्ही, खाली कुणीतरी, एका बाजूला शेजारी. तिचं बरोबरच होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मुलीची छाती वाजायची. आधी थंडीत, मग बाराही महिने. डॉक्टर म्हणाले, खोली कोरडी आणि उबदार ठेवा. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बैठकीच्या खोलीच्या खिडक्यांतून वारा आत यायचा, बेडरूमला ओल होती. मी दोन्हीकडे तिची कॉट हलवून बघितली आणि शेवटी बेडरूममध्येच ठेवली, कारण तिथला हीटर निदान सकाळपुरता तरी तापायचा. भिंत रोज ब्लीचनं पुसायची. ठिपके जायचे, चार दिवसांत परत यायचे, आणि त्या वासानं पोर आणखी खोकायची. मग मी कपाट ढकलून भिंतीला लावलं. दिसायचं तरी बंद झालं.

आणि अशात कौन्सिलनं कळवलं की सगळ्या घरांची पाहणी होणार. कुठलं घर ऊब किती धरून ठेवतं, हे मोजून प्रत्येक घराला शंभरपैकी मार्क देणार होते, आणि कमी मार्कांच्या इमारतींना आधी छतात ऊब धरणारी लोकर, भिंतींना आतून बाहेरून जे काही लागेल ते, आणि नवीन हीटिंग. नवऱ्यानं मला हे नीट समजावून सांगितलं. मला कळलंही. पण माझे वडील शाळामास्तर. इन्स्पेक्टर यायचे असले की आमच्या गावची शाळा आदल्या दिवशी शेणानं सारवून, चुना फासून, पोरांची नखं कापून तयार असायची. तपासणीला आलेल्या माणसाला घाण दाखवून वर त्याच्याकडून कमी मार्क मागायचे, हे माझ्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मार्कांचं मला काही पडलेलंच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच विचार. कौन्सिलचा माणूस येणार, भिंत बघणार.

म्हणून मी तयारी केली. भिंत पुसली, वाळवली, कपाट घट्ट लावलं. शेजारणीकडून पंख्याचा हीटर मागून आणला, तो सकाळपासून बेडरूममध्ये सोडला. ओव्हन लावून त्याचं दार उघडं टाकलं. उदबत्ती लावली आणि कांदेपोहे केले. सर्व्हेअर आला, गोरा, तरुण, जिने चढून घामाघूम. आत येताच त्यानं कोट काढला आणि म्हणाला, वा, तुमच्याकडे किती छान उबदार आहे. बैठकीची खोली टेपनं मोजली. बेडरूममध्ये नुसतं डोकं घालून बघितलं. छताकडे जाणारं झाकण त्यानं मान वर करून पाहिलं, पण शिडी आणली नव्हती. खालच्या मजल्यावरचं घर सकाळीच झालंय, आराखडा तोच आहे, तेव्हा हे त्याच्यासारखंच धरतो, असं म्हणाला. पोहे मात्र त्यानं दोनदा घेतले. दार लावल्यावर मी तिथेच पायपुसण्यावर बसले. वाचलो, असं वाटलं.

पुढे समोरच्या इमारतीला परांची लागली. मग तिच्या शेजारच्या. आमच्याकडे काहीच नाही. नवरा ऑफिसात विचारून आला. "आपल्याला मार्क चांगले पडलेत," तो हसत म्हणाला. "अगं, फर्स्ट क्लास." मग आतून मुलीचा खोकला ऐकू आला आणि त्याचं हसू मावळलं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी ती खेळता खेळता थांबली. रडली नाही, तेच जास्त भयंकर. तिच्या बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती आणि ओठांचा रंग जांभळट झाला होता. मी फोनवर पत्ता सांगितला तो मराठीत की इंग्रजीत, मला आजही आठवत नाही. अँब्युलन्सच्या माणसांनी तिच्या तोंडावर मास्क धरला तेव्हा मी तिचा पाय धरून बसले होते. हॉस्पिटलात तिचा श्वास जरा खाली बसल्यावर नर्सनं अगदी मायेनं विचारलं, घरात ओल आहे का?

मी नाही म्हटलं.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर म्हणाला, "घर नापास व्हायला पाहिजे आपलं. मी उद्या फोन करतो. परत सर्व्हे करा म्हणतो, आणि यावेळी तू काही पुसायचं नाहीस."

"अहो, आणि त्यांनी पोर नेली तर?"

"आणि नाही नेली तर?" तो म्हणाला. "तर ती त्याच खोलीत परत येणार ना?"

मी चुकले होते असं मला आजही वाटत नाही. मी घाबरले होते, आणि घाबरलेली आई काय करते ते मी केलं. पण त्याच्या त्या प्रश्नानं माझ्या एका भीतीसमोर दुसरी आणून बसवली, आणि दोघींपैकी मोठी कुठली ते मला दिसत होतं.

ज्या घरांचं छत कुणी चढून बघितलेलं नव्हतं ती पुन्हा बघायचं कौन्सिलनंही ठरवलं होतं, त्यामुळे आमचा नंबर लवकर लागला. तो आठवडा मी ब्लीचची बाटली सिंकखाली ठेवून तिच्यापासून लांब राहिले. भिंत पुन्हा काळी होत गेली, कपाटाच्या कडेनं बाहेर यायला लागली. ज्या दिवशी यायचे होते त्या सकाळी पंखा नाही, ओव्हन नाही, पोहे नाहीत. पाहुणा येणार आणि घर असं, याची लाज वेगळीच. मी कोट घालून, मुलीला दोन स्वेटर चढवून, तिला मांडीवर घेऊन दाराजवळ बसून होते. नवऱ्याला शिफ्ट बदलून मिळाली नव्हती. बेल वाजली तेव्हा दार उघडूच नये, आपण घरी नाहीच असं दाखवावं, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

बाई होती. पन्नाशीची, जाड बुटांची, खांद्यावर शिडी. धापा टाकत होती. चहा नको म्हणाली. तिनं घाई केली नाही, आणि ते मला जास्त छळत होतं. प्रत्येक भिंत मोजली, बाहेरच्या वाऱ्यावरच्या भिंती कुठल्या ते विचारलं, खिडकीच्या फटीला हात लावून बघितला. मग शिडी लावून वरचं झाकण सरकवलं आणि कमरेपर्यंत छतात गेली. मला नुसते तिचे बूट दिसत होते. बराच वेळ टॉर्च वर फिरत राहिला. खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत लोकरीचे तंतू अडकले होते.

"लोकर जिन्याच्या बाजूला आहे, अर्ध्यापर्यंत," ती म्हणाली. "बेडरूमच्या डोक्यावर काहीच नाही. पातळ सीलिंग आणि वर स्लेटची कौलं. हे घर खालच्या घरासारखं आहे असं कुणी ठरवलं?"

मी मुलीला आणखी घट्ट धरलं.

"तुमच्या घराचा आकडा पार खाली येणार," असं म्हणून ती बेडरूममध्ये गेली आणि कपाटासमोर उभी राहिली. "यामागे बाहेरची भिंत ना? हलवता येईल?"

कपाटाचा एक पाय मोडका होता. एका बाजूनं उचलून धरत सरकवलं तरच ते सरकायचं, नाहीतर अंगावर यायचं, आणि ते फक्त मला जमायचं. कडेवर मूल घेऊन तर मलाही नाही. मी हे सांगितलं. मुलीला खाली ठेवावं तर फरशी बर्फासारखी गार, आणि कॉट त्या काळ्या भिंतीला लागून. मी तशीच उभी राहिले. बाईनं हातातलं ओल मोजायचं मीटर खिशात टाकलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या तिला माझ्याकडे."

माझ्या हातांनी नकार दिला. खरंच दिला, ते सुटेनात. मग मुलीनंच तिच्या केसांतली लोकर धरायला अंग पुढे टाकलं, आणि ती गेली. मी मागे न बघता कपाटाला भिडले. उचललं, ओढलं. मागची भिंत वरून खालपर्यंत काळी होती आणि वॉलपेपर सुटून लोंबत होता. वास आला. मी डोळे मिटून घेतले.

वळून बघितलं तर बाई भिंतीकडे बघतच नव्हती. तिनं मुलीच्या पाठीला कान लावला होता.

"अशी छाती किती दिवस वाजतेय?"

मी सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, उलटसुलट, सगळं. ब्लीच, पंखा, नर्सला नाही म्हटलं ते. शेवटी विचारूनच टाकलं, "तुम्ही तिला नेणार का?"

"कुठे?" तिनं विचारलं.

ती मनापासून विचारत होती. मी नुसती रडत होते. हळूहळू तिला कळलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. मग तिनं खिशातून ते मीटर काढलं. त्याच्या सुया भिंतीत रोवायला तिला दोन्ही हात हवे होते. तिनं मुलगी मला परत दिली.