तिच्या नावाचं बिस्कीट

आमच्या घरात दाण्याचं कूट हा पदार्थच नाही. म्हणजे भाजीत काय काय घातलंस असं कुणी विचारलं, तर आपण मीठ सांगतो का? तसंच कूट. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत तर विचारूच नका. शनिवार आला की दाणे भाजायचे, सालं पाखडायची आणि पुण्याहून आणलेल्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवायचे. इंग्लंडात मेडनहेडला येऊन नऊ वर्षं झाली तरी हे सुटलं नाही. एवढं सांगतेय, कारण जेव्हा आठवायला हवं होतं तेव्हा मला हे कूट आठवलंच नाही.

लेकीच्या वर्गात मी हॅलोविनच्या, म्हणजे इथल्या भुताखेतांच्या सणाच्या, थडग्यांसाठी प्रसिद्ध आहे. पारदर्शक कपात चॉकलेट पुडिंग, वर काळ्या बिस्किटांचा चुरा, ती माती. मातीत खोचलेलं लांबट बिस्कीट म्हणजे थडग्याचा दगड, आणि शेजारी मार्शमेलोचं भूत, त्याला चॉकलेटचे डोळे. दगडावर आयसिंगनं एकेका मुलाचं नाव. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं तर ती किंचाळलीच. "अगं, जित्याजागत्या पोरांची नावं थडग्यावर? अभद्र मेलं! पूस आधी ते!" मी खो खो हसले. म्हटलं, "आई, इथे मुलांना हेच आवडतं."

मागच्या वर्षी लेकीच्या जिवलग मैत्रिणीकडे हॅलोविन पार्टी होती. दोघी आठ वर्षांच्या. त्या मैत्रिणीला शेंगदाण्याची ॲलर्जी, तीही साधीसुधी नाही. कणभर पोटात गेला तरी श्वास कोंडतो. इंजेक्शनची दोन पेनं असलेली छोटी पिशवी ती जाईल तिथे जाते. कुणाच्याही वाढदिवसाला बाकीची मुलं केक खातात आणि ही आपला डबा उघडून बसते. तिच्या आईनं अडखळत मला विचारलं, "तू करशील थडगी? तिलाही खाता येतील अशी?"

"माझ्यावर सोड," मी म्हणाले. काय रुबाब होता माझा! प्रत्येक पाकिटाच्या लेबलचा फोटो काढून तिला पाठवला. नवा बाउल आणला, नवे चमचे आणले, ओटा तीनतीनदा पुसला. तिचा मेसेज आला की सगळे खातील तेच खायची तिच्या लेकीची ही पहिलीच वेळ आहे, आणि पोरगी दिवस मोजतेय. तो मेसेज मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

फक्त एक झालं. लाटण्यानं बिस्किटं चुरली तर ती जाडीभरडी राहिली, माती काही दिसेना. मग मी सवयीनं चटणीचं भांडं काढलं, गरम पाण्यानं धुतलं आणि दोनदा फिरवलं. सुंदर माती झाली.

पार्टी शनिवारी दुपारी तीनला. मुलं टेबलाभोवती बसलेली, कुणी चेटकीण, कुणी सांगाडा, आमची कन्या वटवाघूळ. मैत्रीण काळी मांजर झाली होती, गालांवर मिशा काढलेल्या. मी स्वयंपाकघरात ट्रे उचलणार, तेवढ्यात नवऱ्याचा फोन. त्याचा शनिवारचा उपास, स्वारी घरी एकटी खिचडी करत होती.

"अगं, हे चटणीचं भांडं धुतेस कसं तू? झाकणाच्या रबराखाली बघितलंस का कधी? बिस्किटाचा चुरा आणि जुनं कूट, दोन्हीचा लगदा बसलाय नुसता!"

मी फोन ठेवला. एक वाक्य बोलायचं होतं. मैत्रिणीची आई माझ्यापासून दोन हातांवर नॅपकिन मोजत उभी होती. थांब, माझं चुकलंय, तिला देऊ नकोस. बस, एवढंच. पण मला तो लेबलांचा अल्बम दिसायला लागला, मी मारलेल्या बढाया आठवायला लागल्या. ह्यांच्या स्वयंपाकघरात काय काय असतं कोण जाणे, असं कुणी माझ्या माघारी म्हणेल, हेही डोक्यात आलं. लाज वाटली हो, दुसरं काही नाही. एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आणि मी माझी अब्रू सांभाळत होते.

मी ट्रे घेऊन बाहेर आले, गालिच्यात पाय अडकल्याचं नाटक केलं आणि बाराच्या बारा थडगी जमिनीवर आपटली.

मुलं ओरडली. तिची आई धावत आली, मलाच धरून म्हणाली, "लागलं नाही ना तुला? अगं, पुडिंगच तर आहे." आणि माझ्या पायाशी बसून ती पुसायला लागली. सुटले एकदाची, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं.

तेवढ्यात ती काळी मांजर टेबलाखाली शिरली आणि हातात एक बिस्कीट घेऊन बाहेर आली. "माझं तुटलं नाही! नाव अजून आहे!" खाली माती चिकटलेली, वर माझ्याच अक्षरात तिचं नाव. आणि तिनं ते तोंडाकडे नेलं.

मी ओरडले, "शेंगदाणे!"

नऊ वर्षं इंग्लंडात राहतेय, ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलते, पण त्या क्षणी जिभेवर दुसरा शब्दच येईना. "शेंगदाणे! शेंगदाणे!" सगळे माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्या खोलीत तो शब्द एकाच माणसाला कळत होता. वटवाघळानं टेबलावरून झेप घेतली आणि मैत्रिणीच्या हातावर फाडकन चापट मारली. बिस्कीट उडालं. दोघी भोकाड पसरून रडायला लागल्या.

मैत्रिणीच्या आईनं तिचे हात, तोंड, सगळं धुतलं. मग इंजेक्शनची पिशवी मांडीवर घेऊन तिच्या ओठांकडे आणि श्वासाकडे बघत बसली. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं, मिक्सर, रबर, फोन, ट्रे. काही झालं नाही पोरीला. काही झालं नाही, हे मी आजही स्वतःला बजावत असते.

तिची आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "चूक कुणाच्याही हातून होते. पण तुला कळलं होतं. तू मला फक्त सांगायचं होतंस."

गाडीत बसल्यावर लेकीनं पट्टा लावला. मग म्हणाली, "आई, तू ट्रे मुद्दाम पाडली. मी बघितली." एरवी मी लगेच टोकते, पाडली नाही, पाडलास, बघितली नाही, बघितलं. त्या दिवशी टोकायला तोंड कुठे होतं मला?

ते भांडं मी टाकून दिलं. आता दाणे खलबत्त्यात कुटते, तोही वेगळ्या कपाटात असतो. त्या मुलीच्या आईनं मैत्री तोडली नाही, हा तिचा मोठेपणा. पण मुलगी आमच्याकडे यायला लागली ती कितीतरी महिन्यांनी, आणि येते ती आपला डबा घेऊन.

परवा दोघी बागेत खेळून आल्या, दमलेल्या. मी फळांच्या टोपलीतलं सफरचंद तिच्यापुढे धरलं. साधं, अख्खं सफरचंद. तिनं ते घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं माझ्या लेकीकडे बघितलं. लेकीनं सफरचंद माझ्या हातातून काढून घेतलं, आधी स्वतःचे हात साबणानं धुतले, मग सफरचंद धुतलं, पुसलं, आणि तिच्या हातात ठेवत म्हणाली, "खा."

मग तिनं खाल्लं.