चुलीमागची भेग

आमच्या स्वयंपाकघराचं दार पावसाळ्यात उघडायचं नाही आणि उन्हाळ्यात लागायचं नाही. दाराला जन्मात दोनच कामं असतात, उघडणं आणि लागणं, पण आमच्या दारानं एका ऋतूत दोन्ही कधी केली नाहीत. श्रावणात मी डोक्यावर हंडा घेऊन खांद्यानं धक्के मारत आत शिरायची. वैशाखात त्याच दाराच्या फटीतून गल्लीतलं मांजर शेपटी वर करून यायचं आणि पाहुणचार घेऊन जायचं. एका पावसाळ्यात ह्यांनी, म्हणजे आमच्या यजमानांनी, सुतार बोलावून दाराला चांगला रंधा मारून घेतला. दार झकास उघडायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात मांजरामागून कुत्रंही येऊ लागलं.

आता ऐकताना हसू येतं, पण तेव्हा माझं डोकं फिरायची वेळ यायची.

आमच्या आष्टीकडे पांढरी आणि काळी ही वाटणी लहान पोरालाही ठाऊक असते. पांढरी म्हणजे गावठाणाची माती, तिथं माणसं राहतात. काळी म्हणजे शेताची माती, तिथं ज्वारी-कापूस पिकतो. काळीत कुणी घर बांधत नाही, कारण ती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. वाडवडिलांनी गावं वसवली ती पांढरी बघूनच. हे सगळं ह्यांनाही ठाऊक होतं. पण हे करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होते, आणि एकदा कचेरीच्या कामासाठी हैदराबादला जाऊन आले होते. तिथं ह्यांनी कुणाचा तरी सिमेंटचा बंगला पाहिला, आणि तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. गावठाणात मोकळी जागा नव्हती. वाटणीत रस्त्याकडेचा शेताचा तुकडा आला होता, सगळा काळीचा. तिथंच घर बांधायचं ठरलं.

थोरल्या दिरांनी समजावलं. "अरे, काळीत ज्वारी पेरत्यात, घर न्हाई पेरत."

"दादा, ते मातीच्या पायाचं झालं," हे म्हणाले. "मी पायात काँक्रीट टाकून राह्यलो. काळी काय, काळीचा बाप आला तरी हलायचं न्हाई."

परतूर टेसनावर सिमेंटची पोती उतरली, तिथून बैलगाडीनं आली, पाया भरला. मी एका शब्दानं विरोध केला नाही. खरं सांगायचं तर, ह्यांनी पाण्यावर घर बांधलं असतं तरी मी राहायला गेले असते. कारण त्या घरात माझी वेगळी चूल असणार होती.

गावठाणातल्या एकत्र घरात माझी जाऊ आणि मी एका चुलीवर रांधायचो. त्या वाईट नव्हत्या, मीही नव्हते. पण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते काही उगाच नाही. मी वरणात मीठ घालायची. मी घातलं असेल यावर त्यांचा विश्वास नसायचा, म्हणून त्या पुन्हा घालायच्या. त्यांनी घातलं असेल म्हणून मी घातलं नाही, तर त्या दिवशी नेमकं अळणी. मग पुरुष जेवता जेवता पाणी पीत राहायचे, आणि आम्ही दोघी आठ-आठ दिवस एकमेकींशी भांड्यांच्या आवाजात बोलायचो. वेगळ्या घरात पहिल्या दिवशी मी साधं पिठलं केलं. मीठ एकदाच पडलं. खाताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ह्यांना वाटलं तिखट झालंय.

पण पहिल्याच चैत्रात चुलीमागच्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली. वैशाखात तीत माझं बोट जायला लागलं. ह्यांनी लगेच सिमेंट कालवलं, भेग गच्च भरली, वरून थापी फिरवली आणि हात झटकले. "संपलं काम!"

काम कुठलं संपतंय? पाऊस पडला, काळी फुगली आणि भेग मिटायला निघाली. तिच्या तोंडात तर दगडासारखं सिमेंट बसलेलं. मग भिंतच बाहेर सरकली, दाराची चौकट तिरपी झाली, जमिनीची फरशी उचलली गेली आणि माझा पोळपाट डुलायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या भेगेशेजारी नवी भेग पडली. ह्यांनी तीही भरली. दरवर्षी भेग रुंद व्हायची वाट बघायची, ती पुरती उघडली की भरायची आणि पावसाळ्यात बोंब मारायची, हा आमच्या घरचा कुळाचारच होऊन बसला. महायुद्धाच्या दिवसांत सिमेंट मिळेना, तर हे याच्या-त्याच्याकडून पिशवीभर मागून आणायचे. एवढी धावपळ ह्यांनी माझ्या बाळंतपणातही केली नव्हती.

अंगणाची तर तऱ्हाच निराळी. उन्हाळ्यात तिथल्या भेगांत हात कोपरापर्यंत जायचा. एकदा ह्यांच्या पेटीची किल्ली खिशातून निसटली आणि सरळ भेगेत गेली. हे पालथे पडून तार घालून शोधत होते. किल्ली मिळाली नाही. पावसाळ्यात जमीन मिटली आणि विषय संपला. पेटी शेवटी लोहाराकडून फोडून घेतली.

प्रत्येक डागडुजीला माझी चूल अंगणात यायची. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," हे म्हणायचे. मग मी कडब्याच्या आडोशाला बसून, डोळ्यांत धूर आणि ताटात धूळ घेत, आठवडेच्या आठवडे भाकरी थापायची. वेगळी चूल मागितली होती, पण ती उघड्यावर मागितली नव्हती.

अशाच एका उन्हाळ्यात ह्यांनी मोठं काम काढलं. चुलीच्या कोपऱ्यातला पाया बाहेरून उकरायचा आणि त्याला जाड काँक्रीटचा टेकू द्यायचा. चर खणून झाला त्या दिवशी थोरले दीर आले. मी डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी राहिले.

दिरांनी भिंत वर-खाली पाहिली. "हे न्हाई टिकायचं," ते म्हणाले. "पोराबाळांच्या अंगावर येईल. पाऊस पडायच्या आत घरी या. खोली रिकामीच हाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. ते गेल्यावर हे चराच्या काठावर बसले. मग म्हणाले, "या साली टिकलं तर टिकलं. न्हाई तर दादाकडं जाऊ. मी तरी किती खर्चा करू?"

इतकी वर्षं मी ह्यांच्या सिमेंटवर चिडत होते, पण हे हरतील असं मनात आलं नव्हतं. परत त्या चुलीपुढं बसायचं, परत ते मीठ! रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मजुरांनी पलीकडचा न्हाणीचा कोपराही थोडा उकरला. तिथं आंघोळीचं सांडपाणी जायचं आणि मी केळ लावली होती. त्या कोपऱ्याला आजवर एक चीर गेली नव्हती. हे म्हणायचे, तिथं सिमेंट चांगलं कालवलं गेलं. मी वाकून पाहिलं. माती ओलसर, मऊ, अखंड. चुलीच्या कोपऱ्यातली माती मात्र नुसती ढेकळं, कुदळ मारली की ठण्ण वाजायची. मी दोन्हीकडची एकेक मूठ उचलली आणि तशीच चुलीपाशी येऊन बसले. परातीत भाकरीचं पीठ होतं. भाकर थापताना कडेला चीर गेली, आणि सवयीनं मी ओला हात फिरवला. चीर मिटली.

तेव्हा मला माझाच राग आला. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला हे कळायला एवढी वर्षं लागावीत? चीर पडली की आपण तिथं पाण्याचा हात फिरवतो, कोरडं पीठ कोंबत नाही. ह्यांनी इतकी वर्षं नेमकं कोरडं पीठ कोंबलं होतं. घराचा एक कोपरा बारा महिने पाणी पिणार आणि दुसरा चुलीच्या धगीनं वाळणार. मग घर मधोमध फाटणार नाही तर काय होणार?

मी हे ह्यांना सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की विचारू नका.

"पायाला पाणी घालू? पाणी म्हंजे पायाचा दुश्मन. आणि पाया काय भाकर हाय?"

शहाण्याला शब्दाचा मार, पण तो शहाणा आधी ऐकून तर घ्यायला हवा. टेकू दिला, चर बुजवला, चूल आत आली. मी गाडीवाल्याला सांगून चर बुजवून उरलेला मुरूम चुलीमागच्या भिंतीलगत बाहेरून उतरता पसरून घेतला, म्हणजे पावसाचं पाणी तिथं एकदम साचणार नाही. आणि हे नाक्यावर गेले की मी रोज त्या कोपऱ्याला पाणी पाजायला लागले. भांडी विसळलेलं पाणी, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, पोरांचे पाय धुतलेलं पाणी, सगळं त्याच कोपऱ्याला. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा आणि घागर भरायला ताटकळावं लागायचं, तरी त्याचा वाटा मी चुकवला नाही.

त्या साली भेग वाढली नाही. पुढच्या सालीही नाही. दार दोन्ही ऋतूंत थोडं कुरकुरायचं, पण उघडायचं आणि लागायचं. ह्यांचा आनंद गगनात मावेना. नाक्यावरच्या माणसांना मुद्दाम घरी आणायचे, चुलीमागच्या भिंतीवर काठीनं ठोकून दाखवायचे. "बघा, बिलकुल बराबर! सिमेंट हाय सिमेंट!" मी आत चहा गाळत दात-ओठ खायची. सगळ्या गावासमोर ओरडून सांगावंसं वाटायचं. पण घर उभं होतं आणि चूल माझी होती, म्हणून गिळायची.

एका उन्हाळ्यात जाऊबाई कुरडया घालायला मदतीला आल्या होत्या. वेगळ्या झाल्यापासून आमचं बरं चाललं होतं, लांबून. गव्हाचा चीक काढलेलं पाणी मी उचललं आणि कोपऱ्याला नेऊन ओतलं. त्या सोऱ्या हातात धरून बघत राहिल्या.

"काय करून राह्यलीस बाई? भिंतीला पाणी पाजून राह्यलीस?"

मी भाकरीसकट सगळं सांगून टाकलं. ह्यांना सांगू नका म्हणाले. त्या खळखळून हसल्या.

"आता तिला चोळी शिव अन् वाण दे," म्हणाल्या आणि सोऱ्या फिरवायला लागल्या. चिडवायला त्यांना नवा विषय मिळाला, एवढंच मला वाटलं.

मग हैदराबादच्या राज्यात ते धामधुमीचं साल आलं. रात्री-अपरात्री आरोळ्या उठायच्या, रस्त्याकडेची घरं आधी लुटली जातील असं जो तो म्हणायचा. आमचं घर तर रस्त्यावरच. होळी झाली आणि आम्ही पोरं घेऊन सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात माझ्या मावशीकडे गेलो. थोरले दीर आणि जाऊबाई मागंच राहिले. गुरं होती, पेरणी होती, कुणीतरी राहायला हवंच होतं.

मावशीकडे सगळा उन्हाळा मी जीव मुठीत धरून काढला. माणसांची काळजी होतीच, पण खोटं कशाला बोलू, दुपारी ऊन तापलं की मला तो कोपरा दिसायचा. चैत्र गेला, वैशाख गेला, थेंबभर पाणी नाही. हे म्हणायचे, "घराची काय फिकीर करते? माझं सिमेंट हाय." अशा वेळी ह्या माणसाला काय करावं ते मला खरंच कळायचं नाही. मी मनातून तयारी करत होते. आता परत जायचं ते दिरांच्या घरी, आता पुन्हा एक चूल.

पाऊस ओसरता ओसरता हैदराबादचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. गाडी रस्त्याला वळली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. पोरं ओरडली म्हणून उघडले. घर उभं होतं. मी गाडीतून उतरले ती तडक भिंतीमागं गेले. जुन्या भरलेल्या भेगा होत्या तशा होत्या, नवी एकही नव्हती. मुरमात एक खळगा पडला होता, एकाच जागी रोज पाणी ओतल्यावर पडतो तसा.

आम्ही आल्याचं ऐकून जाऊबाई आल्या. वाळल्या होत्या. गावठाणातली विहीर आमच्या घरापासून किती लांब ते मला ठाऊक होतं, आणि त्या उन्हाळ्यात बायका उंबऱ्याबाहेर पडायला धजत नव्हत्या, तेही ठाऊक होतं.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मंग कोण? रोज न्हाई जमलं. जमंल तसं आल्ते." त्या ओट्यावर टेकल्या. माझा चेहरा बघून त्यांनी हात झटकला. "रडू नको. तुझ्यासाठी न्हाई केलं काही. हे घर पडलं अस्तं तर तू कुठं आली अस्तीस? माझ्याच चुलीपाशी ना? पुन्हा जलमभर खारट वरण कोण खाईल बाई!"

मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू कोसळलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एका घरात राहत होतो तोवर त्यांनी तो कधी ठेवला नव्हता.

तेवढ्यात हे घराला वळसा घालून आले. त्यांनी चुलीमागच्या भिंतीवर काठीनं ठोकलं, कान लावला आणि आमच्याकडे पाहून मान हलवली.

"बघा वैनी! सहा-सात महिने कुणी फिरकलं न्हाई, तरी एक चीर न्हाई. सिमेंट हाय!"

जाऊबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मी आत जाऊन चूल पेटवली, चहा टाकला आणि पहिली कपबशी जाऊबाईंना दिली.