क्लब सोडण्याचे कारण

चहा गार होऊ देऊ नका, कारण एकदा सुरुवात केली की मध्ये थांबता येणार नाही मला. नोकरी मिळावी म्हणून माणसं काय काय करतात! कुणी ओळख काढतं, कुणी साहेबाच्या घरी आंब्याची पेटी पोचवतं. मी काय केलं? चांगल्या धडधाकट पायांनी दहा दिवस लंगडत फिरलो. आणि त्या लंगडण्यानेच हातातोंडाशी आलेली नोकरी घालवली. एवढी अक्कल सगळ्यांकडे नसते बरं!

ही गोष्ट साठच्या दशकाच्या शेवटाची. भाईंदर तेव्हा मिठागरांचं गाव होतं. आज जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, तिथे आम्ही फुटबॉल खेळायचो. भात कापून झालं की शेत मोकळं व्हायचं, मग बांध सपाट करायचे, चार बांबू रोवायचे, झालं मैदान! केबिन रोडच्या मागे एका चाळीत आई आणि मी राहायचो. वडील रत्नागिरीकडे शेती बघायचे.

मी क्लबचा राइट आउट, म्हणजे उजव्या कडेने चेंडू घेऊन पळणारा. एकोणीस वर्षांचा. स्वतःच्या तोंडाने सांगतो, धावायचो छान. डोकं वापरायची वेळ आली की मात्र गडबड व्हायची, ते पुढे कळेलच.

आमच्या क्लबचे सर्वेसर्वा म्हणजे म्हात्रे मास्तर. सकाळी शाळेत शिकवायचे, दुपारी शाळेचे दाखले लिहायचे, संध्याकाळी मैदानावर. क्लबचे सेक्रेटरी तेच, कोच तेच, आणि चेंडू उसवला की सुई-दोरा घेऊन बसायचे तेही तेच. माझे पहिले बूट त्यांनीच दिले. दोन नंबर मोठे होते, पुढे कापूस कोंबून घालायचो. या माणसाने माझ्यासारख्या अनवाणी पोराचा खेळाडू केला, हे मी तेव्हाही मानायचो आणि आजही मानतो.

आणि नेमकं त्यांनाच सोडून जायची वेळ आली.

झालं असं, की एका सामन्यानंतर परळच्या एका मिलचे साहेब मला बाजूला घेऊन गेले. मिलची स्वतःची टीम होती आणि ते ती बघायचे. म्हणाले, "आमच्याकडे खेळशील? खात्यात कायम नोकरी देतो. महिनाअखेर नावं नोंदवायची आहेत, त्याआधी तुझ्या क्लबची सोडचिठ्ठी घेऊन ये. चिठ्ठी नसेल तर मी काही करू शकत नाही."

कायम नोकरी! मिलमध्ये! तेव्हा या दोन शब्दांवर लग्नं जमायची हो.

आता सरळ मार्ग काय होता? मास्तरांकडे जायचं, पाया पडायचं आणि सांगायचं, "मास्तर, अशी अशी नोकरी येतेय, जाऊ का?" बस. पण माझी जीभ उचलेना. तीनदा त्यांच्या ओट्यापर्यंत गेलो. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. चौथ्यांदा त्यांच्या बायकोने विचारलं, "काय रे सुध्या, घरी चहा मिळत न्हाय का तुला?"

मग मी युक्ती काढली. खेळाडू क्लबला सोडून गेला तर वाईट दिसतं. पण खेळाडूच निकामी झाला तर? क्लब स्वतःहून नाव काढेल, चिठ्ठी मिळेल, कुणाचं मन दुखणार नाही! स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी शेजारच्या डोंगरी गावच्या टीमशी सामना होता. चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता, तेव्हा मी डावा गुडघा धरून धाडकन पडलो. माझ्यापासून दहा हातांवर त्यांचा बस्त्याव उभा होता, पहाडासारखा गडी. तो धावत आला आणि रडायलाच लागला.

"सुधाकर, मी तुला शिवलो पन न्हाय रे! पर तू पडला हाय, म्हणजे माझाच पाप हाय!"

"नाही रे बाबा, तुझा काही दोष नाही," मी कळवळून म्हणालो. निदान तेवढं तरी खरं बोललो.

पण ऐकतो कोण? त्याने मला पाठीवर टाकलं आणि थेट डोंगरीला नेलं, त्याच्या मावशीकडे. ही मावशी मोडलेली हाडं बसवायची.  आता हिच्या हाताला कळणार की गुडघ्याला काहीच झालेलं नाही!

मावशीने गुडघा चाचपला, दाबला आणि असा काही पिळला की मी खरोखरची किंकाळी फोडली.

"बघ, वाटी सरकलेली हाय," ती समाधानाने म्हणाली.

आता बोला! खोटं मी बोललो होतो आणि त्याला साक्षीदार मिळाला जाणकार! तिने कसला तरी हिरवा लेप थापला, बांबूच्या कामट्या बांधल्या. त्या लेपाचा वास असा होता की बसमध्ये माझ्या शेजारची दोन्ही माणसं उठून उभी राहिली.

पुढचे दिवस काय सांगू! बस्त्यावच्या घरून रोज चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा यायचा. हाडाला ताकद यावी म्हणून. तो मी पिऊन टाकायचो, अन्नाला नाही म्हणू नये. पण आईने काय करावं? माझा गुडघा बरा होईपर्यंत भात सोडला! कोकणातल्या बाईने भात सोडायचा म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. ती समोर बसून भाकरी मोडायची आणि मी रश्शाशी भात ओरपायचो. लाज वाटत होती हो. खूप वाटत होती. पण महिनाअखेर जवळ येत होती.

नवव्या दिवशी आणखी एक घोळ. मास्तर भेटायला आले, मी उठून दाराशी गेलो, आणि गप्पांच्या नादात उजव्या पायाने लंगडलो! मास्तर टक लावून बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

"अरेरे," मास्तर हळूच म्हणाले, "सगळा भार चांगल्या पायावर आला ना. आता तोही चालला वाटतं."

भला माणूस! त्याला कधी शंका घेता येते का? मी तेवढ्यात संधी साधली. मान खाली घालून म्हणालो, "मास्तर, माझा आता क्लबला काही उपयोग नाही. मला मोकळं करा. चिठ्ठी द्या. मुंबईला कुठे काही काम मिळतंय का बघतो."

मास्तरांनी माझ्या गुडघ्यावरच्या कामट्या हलकेच चाचपल्या. मग विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"नाही मास्तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाकीट आणून दिलं. लाखेने बंद केलेलं, शाळेत करतात तसं. म्हणाले, "ज्याला द्यायचंय त्यालाच दे. तू फोडू नकोस. मी सगळं लिहिलंय." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, पण आनंदाने, हे कबूल करतो.

कामट्या सोडल्या, पाय खसाखसा धुतले आणि गाठली मिल. साहेबांसमोर ऐटीत पाकीट ठेवलं. त्यांनी लाख फोडली, कागद उघडला, आणि त्यांच्या भुवया वर वर जायला लागल्या.

"हे काय आहे?" त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

मास्तरांनी आयुष्यभर शाळा सोडल्याचे दाखलेच लिहिलेले. क्लब सोडल्याचा दाखलाही त्यांनी तसाच लिहिला होता, वळणदार अक्षरात, रकाने आखून. खेळाडूचे संपूर्ण नाव. प्रगती: उत्तम. वर्तणूक: चांगली. आणि त्याखाली,

क्लब सोडण्याचे कारण: डावा गुडघा कायमचा निकामी. उजवाही त्याच मार्गावर.

शेरा: मुलगा गुणी आहे. बसून करण्याजोगे काम दिल्यास उपकार होतील.

माझ्या पायांतलं बळच गेलं. तेव्हा खरा लंगडा झालो मी.

"साहेब, गुडघा ठीक आहे! हे बघा!" असं म्हणून मी बाहेर आवारात धूम ठोकली. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. वॉचमनला वाटलं चोर पळतोय, तो काठी घेऊन मागे लागला. त्यालाही मागे टाकलं!

साहेब दारात उभे राहून बघत होते. "पाय छान आहेत," ते म्हणाले. "म्हणजे तुझे मास्तर खोटं लिहितात?"

"नाही हो! मास्तर जीव गेला तरी खोटं लिहिणार नाहीत!"

"मग खोटं कोण बोललं?"

मी वॉचमनकडे बघितलं. तो धापा टाकत होता, त्याच्यावर काही ढकलता येण्यासारखं नव्हतं. मग सगळं सांगून टाकलं. अगदी चिंबोऱ्यांसकट.

साहेब हसले नाहीत. म्हणाले, "अरे, दुसऱ्याच्या क्लबातला मुलगा मी न विचारता उचलेन का? तुझ्याशी बोलायच्या आधीच मी तुझ्या मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले, खुशाल न्या, पोराचं कल्याण होईल. फक्त त्याला स्वतः येऊन मागू द्या. मैदानावर धावतो, पण चार माणसांत तोंड उघडत नाही, तेवढं शिकू दे."

म्हणजे ते रोज वाट बघत होते! माझ्या एका वाक्याची! आणि मी त्यांच्या ओट्यावर चहा ढोसत होतो.

"अशा माणसाला तू फसवलंस," साहेबांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. "उद्या मला फसवणार नाहीस कशावरून? जा, घरी जा."

भाईंदरला आल्यावर आधी आईला सांगितलं. तिने लगेच चुलीवर भात चढवला. स्वतः पोटभर जेवली आणि मला कोरडी भाकरी वाढली.

मग मास्तरांकडे गेलो. या खेपेला मात्र ओट्यावर उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. मास्तर ओरडतील, निदान दोन कानाखाली देतील असं वाटलं होतं. काही नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला. "दाखला आण इकडे."

दौत उघडली, टाक बुडवला. 'वर्तणूक' या रकान्यावर टाक क्षणभर थांबला.  पण 'चांगली' त्यांनी तसंच ठेवलं. मला तेव्हा रडू आलं, खरंच आलं.

मग टाक खाली सरकला. कारणाच्या रकान्यातलं डाव्या गुडघ्याचं वाक्य त्यांनी पट्टी लावून खोडलं, उजव्याचंही खोडलं. वर सुवाच्य अक्षरात नवीन कारण लिहिलं. खाडाखोडीच्या शेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली, टिपकागद दाबला आणि कागद माझ्यापुढे धरला.

"वाच. आता काही चुकीचं आहे का?"

मी वाचलं. 'डोके निकामी.'

"नाही मास्तर," मी म्हणालो, "आता बरोबर आहे."