तांबड्या पोह्यांची सकाळ

तिरुचिरापल्लीच्या स्टेशनवर बापूंना परतीच्या गाडीत बसवलं आणि आमची बस तंजावूरच्या रस्त्याला लागली. बापू म्हणजे आमच्या यात्रा कंपनीचे मुख्य आचारी. पित्ताशयाच्या दुखण्यानं दोन दिवस वाकून उभे होते, तरी हातातला झारा सोडला नव्हता. शेवटी डॉक्टरांनीच घरी जा म्हणून सांगितलं. गाडीच्या खिडकीतून त्यांनी भांड्यांच्या पेट्यांच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "सुमन, मीठ आधी जिभेवर ठेवून बघ. गाव बदललं की मीठ बदलतं."

मी करमाळ्याची. सहावीतून शाळा सुटली, तेव्हापासून हातात लाटणं आहे. बापूंच्या हाताखाली सात यात्रा केल्या, पण अख्खा नाष्टा एकटीच्या जिवावर कधी केला नव्हता. मॅनेजर पाठकांनी बसमध्येच स्पष्ट सांगितलं, "तंजावूरचा नाष्टा तू कर. जमला तर पुढचे पाच दिवस स्वयंपाक तुझा आणि पुढच्या यात्रेलाही तूच. नाही जमला तर उद्या दुपारपासून हॉटेलात सांगतो, आणि तुला कुंभकोणमहून गाडीत बसवून देतो."

दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती, इतकी सपाट की आमच्याकडच्या माणसाला नजर कुठं टेकवावी कळू नये. पाण्यात पांढरे बगळे उभे होते. मग लांबवर मोठ्या देवळाचं शिखर दिसलं आणि बसमधल्या अडतीस माणसांनी एकदम मोबाइल काढले. मी मागच्या सीटवर, सिलिंडरला टेकून बसले होते. शिखराला हात जोडले आणि सिलिंडरचा कॉक पुन्हा एकदा तपासला. ही तिसरी वेळ होती.

नाष्टा म्हणजे काय, याबद्दल माझं मत पक्कं आहे. नाष्टा गरम पाहिजे. म्हाताऱ्या घशातून पाण्याच्या घोटाशिवाय उतरला पाहिजे. त्यात एक घास आंबट लागला पाहिजे, म्हणजे झोप उडते. आणि दुपारी दीड वाजेपर्यंत पोटानं आवाज काढता कामा नये. यात काही कमी असेल तर त्याला चहाबरोबरचं खाणं म्हणावं, नाष्टा म्हणू नये.

इडली या चारही गोष्टी करते, हे मी कबूल करते. पण आमची माणसं आठ दिवस इडली खाऊन रुसली होती. गोखले सर म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी सगळ्यांच्या वतीनं जाहीर केलं, "उद्या कांदेपोहे. नाहीतर मी उपास करीन." अडचण अशी, की पोहे नव्हते. रामेश्वरला बावीस कुंडांची आंघोळ केल्यावर मंडळींनी ओली लुगडी आणि पंचे बसच्या डिकीत टाकले, ते नेमके पोह्यांच्या पोत्यावर. तंजावूरला पोतं उघडलं तर आत बुरशीचा वास. देवाचं पाणी म्हणून कुणाला रागवायचीही सोय नव्हती.

दुपारी मंडळी राजवाड्यात गेली. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दारापर्यंत मीही गेले, पण आत गेले नाही. एवढी पुस्तकं एका जागी असली की मला उगाच वाटतं, कुणीतरी आता प्रश्न विचारणार. मी आपली पिशवी घेऊन मागच्या गल्लीत शिरले आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता इथं पोहे कुठं मागायचे, आणि कुणाला?"

"अवल पायजे? वळणावर दुकान आहे, तेथें विचार."

एका घराच्या तिण्णैवर (दारापुढच्या ओट्यावर) साठीच्या पुढच्या एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. कानात खडे, केसांत मोगरा, डोळ्यांवर जाड चष्मा. बोलणं मराठी होतं, पण हेल तमिळ. वाक्य शेवटाला असं वर जायचं, जसं काही पाळण्याला झोका दिलाय.

"तुम्ही मराठी?" मी थबकलेच.

"मग? तूच एकटी कां?" त्यांनी वर न बघता म्हटलं.

त्या सरोजाबाई. घराणं शिवाजीच्या भावाबरोबर इकडं आलेल्यांपैकी, असं त्यांनी सांगितलं, आणि स्वतः ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. मला पाणी दिलं. तोंड न लावता वरून प्यायचा तांब्या होता. माझ्या अर्ध्या पदरावर सांडलं. त्या म्हणाल्या, "असूं दे, ऊन आहे." मी उद्याचं सगळं सांगून टाकलं. माझं असंच आहे, भीती वाटली की बोलत सुटते.

"अडतीस जणांस अवल? सकाळीं?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्याकडे तें कृष्णजयंतीला. बरें, कांही लागलें तर ये. मी साडेचारास उठतें."

वळणावरच्या दुकानात मी दोन्ही हातांनी चुरण्याची खूण करून "अवल" म्हटलं. दुकानदारानं दोन पोती दाखवली, एक पांढरे पातळ आणि एक तांबडे जाड. कांदेपोह्याला जाडच लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. तांबडे म्हणजे गावठी तांदळाचे असणार, चवीला उजवे. मी पाच किलो तांबडे घेतले आणि अगदी खुशीत हॉटेलवर आले.

सकाळी पाचला हॉटेलच्या मागच्या अंगणात शेगडी मांडली. नाष्टा सातला देणं भाग होतं, कारण मोठ्या देवळाच्या फरशीवर अनवाणी चालायचं आणि उशीर झाला तर पाय पोळतात. कांदे चिरले. परात लहान म्हणून अर्धेच पोहे धुतले, निथळत ठेवले, आणि दहा मिनिटांनी दोन बोटांत दाबून पाहिले.

दगड.

पुन्हा पाणी शिंपडलं. वीस मिनिटांनी वरून बुळबुळीत आणि आतून कच्च्या हरभऱ्यासारखे कडक. तांबडे पोहे आमच्या पोह्यांसारखे धुतल्या धुतल्या फुलत नाहीत, हे तेव्हा कळलं. एवढ्यात गोखले सर आंघोळ करून खाली आले, परातीत डोकावले आणि म्हणाले, "वा, पोहे. लिंबू आहे ना?"

"आहे सर," मी म्हटलं आणि ते वळल्याबरोबर पदर खोचून गल्लीकडे पळाले.

सरोजाबाई दारात सडा घालून कोलम (रांगोळी) काढत होत्या. मी मूठभर पोहे पुढं केले. त्यांनी दोन दाणे दाढेखाली धरले आणि रांगोळीचं पीठ हातात तसंच ठेवून हसल्या.

"ह्यांस घाई चालत नाहीं ग. सगळे भिजवलेस?"

"अर्धे."

"मग रडतेस कां? अर्धे आहेत कीं."

पाच मिनिटांत त्या काखेत मिक्सर मारून माझ्यापुढं चालत होत्या. पिशवीत पुळी (चिंच), गूळ, दोन नारळ आणि तिळाच्या तेलाची बाटली. अंगणात आल्यावर त्यांनी शेगडीचा ताबाच घेतला. कोरडे तांबडे पोहे मिक्सरमध्ये भरड काढायचे, जाड रव्याएवढे. गरम चिंचेच्या पाण्यात हळद, हिंग, मीठ घालून त्यात ते मुरवत ठेवायचे. मोठ्या कढईत तिळाचं तेल, मोहरी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, मूठभर कढीपत्ता. मिक्सर तापून वास यायला लागला की दोन मिनिटं थांबायचं. तेवढ्या वेळात मी नारळ खवत होते.

"आणि हे बुळबुळीत?" मी विचारलं.

"तें दुधांत शिजव. गूळ नंतर, खालीं उतरवून. आधीं घातलास तर दूध फाटेल."

मीठ मी जिभेवर ठेवून पाहिलं. बापू बरोबर होते. चमचाभर कमी घातलं.

सातला पाच कमी असताना मी ताटल्या मांडल्या. एकीकडे आंबट, मोकळे, तांबूस पोहे. दुसरीकडे वाटीत गुळाचे दूधपोहे, वर खोबरं. पाठक हात बांधून खांबाशी उभे होते.

गोखले सरांनी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे कांदेपोहे नाहीत."

मी लिंबाची फोड त्यांच्या ताटलीत ठेवली.

"पोहेच हो ते," मागून सरोजाबाई म्हणाल्या. "इकडे येऊन तीनशें वर्षें झालीं. थोडे लाल झाले, थोडे आंबट झाले. आमच्यासारखे."

सर वळले. मोगरा माळलेल्या, कपाळावर घाम आलेल्या त्या बाईंकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. नंतर नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला म्हणाले, "बाई, मिरची जरा जपून खायला हवी, पण हे चांगलंय." आणि ताटली पुढं केली. मग कढईपाशी रांग लागली. शेवटी माझ्यासाठी उरलं ते कडेला चिकटलेलं, खरपूस. तेच सगळ्यांत चांगलं असतं, हे स्वयंपाक करणाऱ्यांनाच माहीत आहे.

पाठकांनी कढई रिकामी झाल्याचं पाहिलं आणि ते माणसांना देवळात घेऊन गेले.

मंडळी परत यायच्या आत मी मिक्सर पोचवायला गेले. पैसे विचारायची माझी छाती झाली नाही, त्यांचा चेहराच तसा नव्हता. मी विचारलं, "बाई, तुमचं काही काम असेल तर सांगा. भांडी घासते, झाडते."

त्यांनी थोडा विचार केला. मग देवघरातून एक घडी केलेला कागद आणला. कडा झिजलेल्या, वर कुंकवाचे डाग. "तुज वाचतां येतें?" त्या म्हणाल्या. "आईच्या हातचें. तिच्या वडिलांनीं तीस घरींच अक्षरें शिकवलीं. आम्हांस तमिळ शाळा, आम्हांस कोण शिकवणार. कुठलें स्तोत्र आहे सांग. वीस वर्षें रोज फूल वाहतें, पण म्हणतां येत नाहीं."

कचेरीत आयुष्यभर सह्या केलेली बाई मला वाचायला सांगत होती. माझी सहावी तेवढी पुरली. अक्षर सुबक होतं, शाई पुसट. मी मोठ्यानं वाचलं.

"हरभऱ्याची डाळ दोन वाट्या. तांदूळ एक. उडीद अर्धी. गहू मूठभर. मेथ्या, मोहरी, जिरें, सुंठ. सर्व मंद भाजणें. हिंग, हळद शेवटीं."

मी थांबले. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"बाई, हे मेतकूट आहे."

"पुढें?"

"सरोजास सकाळीं मऊ भातावर द्यावें. तूप कमी करूं नये."

सरोजाबाई आधी हसल्या, मग चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या, आणि तो बराच वेळ पुसत राहिल्या. "पुन्हां वाच," म्हणाल्या. मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा त्यांनी माझ्याबरोबर म्हटलं, अगदी स्तोत्रासारखं, हेल देऊन. मग कागद होता तसा घडी करून देवापुढं ठेवला आणि वर फूलही ठेवलं.

"आतां म्हणतां येईल," त्या म्हणाल्या.

कुंभकोणमच्या वाटेवर, पापनाशमच्या जरा अलीकडे पाठक मागच्या सीटपाशी आले. खिडकीबाहेर खाचरं सरकत होती. सिलिंडरकडे बघत म्हणाले, "उद्या काय?"

"मऊ भात, मेतकूट, तूप," मी म्हटलं.

"तूप किती आणायचं?"

"कमी नाही."

मी करमाळ्याला परतले त्याला आता बरेच दिवस झाले. पुढच्या यात्रेच्या यादीत आचारी म्हणून माझं नाव लागलंय, आणि बापू बरे होऊन मला फोनवर मिठाबद्दल शिकवतात. नाष्ट्याबद्दलचं माझं मत तेच आहे, चार गोष्टी. फक्त पाचवी एक त्यात धरायला मी विसरले होते. कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन तो लिहून ठेवलेला असावा. इथं सकाळी मेतकूट भाजायला घेतलं की मी ते पाठ म्हणते, आणि तंजावूरच्या त्या गल्लीतही कुणी तेच म्हणत असेल, हे मला ठाऊक असतं.