भाच्याचा वशिला

काय सांगू तुम्हाला, माणसानं आपल्या अकलेचं प्रदर्शन मांडावं, पण निदान आपल्या गावात तरी मांडावं! मी ते कलबुर्गीला जाऊन मांडलं, भरल्या हॉलमध्ये. चहा घ्या आधी. कपाचा कान तेवढा नीट धरा, पुढं हसायचं आहे.

भालकीत माझं भांड्यांचं दुकान. लग्नाकार्याला पातेली, पराती भाड्यानं देतो. त्यामुळं उभा जन्म पंगतीच्या कडेला गेला. आणि पंगतीचा कायदा एकच: जेवत्या माणसाला उठवायचं नाही. उठवलंत, तर त्याच्या सात पिढ्या तुमच्या दारात पाणी पिणार नाहीत. आणि एकदा उठलेला माणूस त्याच पानावर पुन्हा बसत नाही. विषय संपला.

हे ध्यानात ठेवा. माझं पुढचं सगळं गाढवपण ह्यातूनच निघालं.

माझा भाचा संगमेश, खजुरीच्या अक्काचा धाकटा. पोरगं लहानपणापासून फुटबॉलवेडं. कलबुर्गीत पगारी खेळाडूंची नवी टीम निघाली. छपराखालचा फुटबॉल, एका बाजूला पाचच गडी. पहिल्याच सीझनला ह्याची निवड झाली. अक्का हरखली. दाजींचं तोंड मात्र कडू. दाजी तत्त्वाचे माणूस. किराणा दुकान आहे, पण वजनात कधी गुंजभर मारलं नाही.

पहिल्या मॅचला मी निघालो, तर त्यांचा फोन. "पाव्हणं, जायलाव तर नीट बघून या. पोरगं खेळायलंय का नुस्तं बसायलंय? बसायलं असंल तर येताना संगं घेऊन या. बसायला आमचं दुकान काय वाईट हाय?"

दाजी एकदा बोलले की बोलले. म्हणजे पोराचं सगळं नशीब माझ्या दोन डोळ्यांवर आलं की हो!

हॉलमध्ये मी अगदी पुढची जागा धरली, टीमच्या बाकड्याच्या मागं. मध्ये फक्त कमरेएवढा कठडा. मॅच सुरू झाली. संगमेश पहिल्यापासून आत. काय पळत होतं पोरगं! माझी छाती फुगली. आणि त्याला पुरता घाम फुटायच्या आत कोचनी हात केला, त्याला बाहेर बोलावलं आणि दुसऱ्याला आत धाडलं. संगमेश मुकाट येऊन बाकड्यावर बसला.

उठवलं हो! भरल्या पानावरून उठवलं!

कोच मंगळूरकडचे. मी कठड्यावरून वाकलो आणि कन्नडमध्ये हात जोडले. "सर, पोराचं काही चुकलं असेल तर मी माफी मागतो. पण असं उठवू नका. घरी काय तोंड दाखवू?"

कोचनी मान वळवली नाही. "आयतु, अण्णा," म्हणाले. म्हणजे, बरं, ठीक आहे.

आणि काय आश्चर्य! थोड्या वेळानं संगमेश परत आत!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? मी लगेच दाजींना फोन लावला. "दाजी, उठवलं होतं पोराला. मी दोन शब्द टाकले, घेतलं की आत!"

"व्हय?" दाजी एवढंच म्हणाले.

पुन्हा काढलं. मी पुन्हा वाकलो. "आयतु, अण्णा." पुन्हा आत! शेजारी बिदरच्या एक खाला बसल्या होत्या, त्यांचा इम्रान ह्याच टीममध्ये. त्या हे सगळं बघत होत्या. पानाचा डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "भाई, हमारे इम्रान का बी जरा बोल देव ना."

बोललो. इम्रान आत गेला! खालांनी तिथल्या तिथं मला दुवा दिली. मागच्या रांगेतला एक गृहस्थ उठून मला नमस्कार करून गेला. मी आता पायावर पाय टाकून बसलो. भांडी भाड्यानं देणाऱ्या माणसाला एवढा मान जन्मात मिळाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

दर वेळी दाजींना खबर देत होतोच. शेवटी त्यांनी विचारलं, "पाव्हणं, म्हंजे पोरगं तुमच्या वशिल्यानं खेळायलंय?"

"व्हय की! मामा कशाला हाय मग?"

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, गहिवरले.

मॅच संपत आली, दोन्हीकडं सारखे गोल. संगमेश आत जायला रेषेपाशी उभा. मला राहवेना. कठडा ओलांडला. आमच्याकडं पैलवान फडात उतरताना पाठीवर थाप मारतात ना, तशी सणसणीत हाणली. "जा रे वाघा!"

थाप जरा जास्तच बसली. वाघ धडपडत आत गेला. ज्याच्या जागी जायचं तो गडी अजून बाहेर आलाच नव्हता. आणि त्याच वेळी आमच्या इम्राननं गोल मारला! मी दोन्ही हात वर करून नाचलो. शिट्टी वाजली. रेफरीनं आमची माणसं मोजली. एक जास्त! गोल रद्द, संगमेशला पिवळं कार्ड आणि हातात आलेली मॅच बरोबरीत सुटली.

नंतर बाहेरच्या बोळात संगमेश भेटला. "मामा, कामून केलाव असं?"

"अरे, तुला घडीघडी उठवायलते. मी सांगून सांगून आत घ्यायला लावलं."

"मामा, ह्या खेळात समद्यांनाच बाहेर काढतेत. दम खायाचा, परत जायाचं. कितीबी डाव."

"आणि कोच आयतु म्हणाले ते?"

"त्येंनी ऐकलं बी नसंल. मॅच चालू असली की ते कुणालाबी आयतुच म्हंतेत."

तेवढ्यात दाजींचा फोन. त्यांचा आवाज असा, की बोळभर ऐकू जावा. "त्याला घेऊन या. वशिल्याचं खेळणं आपल्या घरात न्हाई."

संगमेश खाली बसला आणि बूट पिशवीत भरायला लागला. ते बघून मला रडू आलं. हसू नका, खरंच आलं. ज्याच्यासाठी हात जोडले, त्याचंच पान मी उचललं होतं.

म्हटलं, "दाजी, वशिला-बिशिला काय न्हाई. मी गाढव हाय." आणि सगळं सांगितलं. थापेसकट.

दाजींनी तराजू धरल्यासारखं एकेक विचारून घेतलं.

"म्हंजे पोरगं आपल्या पायानं खेळलं?"

"व्हय."

"आन् गोल तुमच्या हातानं गेला?"

"व्हय."

"मग पोरगं ऱ्हाऊ द्या तितंच. तुम्ही तेवढं परत या."

भालकीच्या बसमध्ये मला शाळेतली कबड्डी आठवली. एका सामन्यात मास्तरांनी मला बाहेर बसवलं होतं. मी जो रुसून घरी गेलो, तो पुन्हा मैदानाकडं फिरकलो नाही. आता वाटतं, मास्तरांनी कदाचित नुसता दम खायलाच बसवलं असेल. मागून हाक मारलीही असेल. मी ऐकायला थांबलोच कुठं?

असो. संगमेश सीझनभर खेळला. दाजी आता दुकान बंद ठेवून मॅचला जातात आणि बाकड्यामागं, माझ्याच जागेवर बसतात. मला कोचनी वरच्या शेवटच्या रांगेत धाडलंय. खाली यायला मनाई.

त्या टीमनं सीझनभर सगळ्यांना बाहेर काढलं आणि सगळ्यांना परत आत घेतलं. बाहेर काढला आणि परत घेतलाच नाही असा माणूस एकच, तो तुमच्यासमोर बसून चहा पितोय.